दोन गावचा पाव्हणा

अनसिंगात जगदेव घरजावई होऊन आला त्याला चाळीस वर्षं झाली. तिथली कुत्रीही त्याचा मान राखून एकदाच भुंकत. जवाईबापू, बसा. जवाईबापू, तुमी काहून तरास घेता? गावातल्या एकाही तिरडीला कुणी त्याचा खांदा लागू दिला नाही. जगदेव हे नाव रेशनकार्डावर तेवढं उरलं होतं, आणि तिथंही पुसट. मनाशी मात्र तो म्हणायचा, मानोऱ्याकडं आपलं गाव आहे, तिथं आपण गोमतीबाईचा थोरला लेक.

ती गोमतीबाई वारली.

मायच्या अंगणात जगदेवचा पाय पडतो न पडतो तोच कुणी म्हणालं, "अनसिंगचे पाव्हने आले, खुर्ची द्या." धाकट्या सहदेवचं डोकं भादरून झालं होतं. जगदेव खुर्ची सोडून बादल न्हाव्यापुढं उकिडवा बसला.

"पाव्हने, दाढी करू?"

"डोकं भादर. माय मेली माही."

बादलनं गावच्या पाटलाकडं पाहिलं. पाटील म्हणाला, "विस्तव सहदेवचा, बापू. तुमी त्या घरचे झाले. एका मानसाले दोन उंबरठे नसतात."

स्मशानात सहदेव खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन सरणाभोवती फिरू लागला. तिसऱ्या फेऱ्याला जगदेवला राहवलं नाही. त्यानं धावत जाऊन मडकं धरलं.

"थोरला मी हाव."

"सोड ना भाऊ, लोक पाहून राह्यले."

मडकं दोघांच्या मधोमध पडून फुटलं.

आता झाली पंचाईत. मडकं एकदाच फुटतं, आणि ज्याच्या खांद्यावरून फुटलं, अग्नी त्यानं द्यायचा. कुणी खापऱ्या जुळवून पाहिल्या. एकानं मोबाईलवरचा व्हिडिओ सतरा वेळा मागं-पुढं केला, तर त्यात नुसती धूळ.

"घरजावयाचा कायचा हक?"

"पन हात तर त्याचा होता."

ऊन असं चढलं की लाकडं आपणहून पेटली असती, पण भांडण निवेना. म्हातारीच्या तोंडावर माशी बसली. कुणी हाकलेना. जगदेवनं हाकलली. ती पुन्हा बसली. त्यानं पुन्हा हाकलली. मायचा चेहरा उन्हात सुकत चालला होता.

"सहदेवच्या खांद्यावरून फुटलं," तो म्हणाला. "म्या पाह्यलं."

पाटलानं विचारलं, "नक्की ना, पाव्हने?"

"हो."

लोकांनी लगबगीनं त्याच्यासाठी सावलीतली जागा मोकळी केली, आणि सहदेवनं विस्तव उचलला.