गरम पाण्याच्या टबावरचा कर

नेब्रास्कातल्या त्या छोट्या कॉलेजात हातोडाफेक करणाऱ्या ट्रेसा ह्रुस्काला कुणी जाहिरातीत घेईल असं कुणालाच वाटलं नव्हतं, खुद्द तिलाही नाही. पण तिने राज्याचा विक्रम मोडला आणि गावातल्या टब विकणाऱ्या एल्डनचा फोन आला. "गरम पाण्यात बसून नुसतं हसायचं, पोरी. टब तुझा!"

तिने पदरच्या पैशाने पिवळीधमक पोहायची टोपी घेतली, हातोडा खांद्यावर टाकला आणि अशी काही हसली की अख्ख्या जिल्ह्याने तो व्हिडिओ पाहिला. टब तिच्या भाड्याच्या घरामागे येऊन बसला. बाहेर बर्फ, आत वाफ, आणि वाफेत दाटीवाटीने बसून खिदळणाऱ्या संघातल्या धिप्पाड मुली.

फेब्रुवारीत लोर्ना मावशी आली ती थेट टबापाशीच. सगळ्या नातलगांच्या कराचं तीच बघायची.

"केवढ्याला पडला गं?"

"फुकट!"

"फुकट कसला? जाहिरात केलीस ना? मग ही तुझी कमाई. बाजारात याचे आठ हजार डॉलर पडतात. तेवढ्यावर कर."

"अगं, पण मला पाणी मिळालंय, पैसे नाहीत!"

"सरकारला चालतं ते. शिवाय तू कुणाकडे नोकरीला नाहीस, म्हणजे हा तुझा स्वतःचा व्यवसाय. त्याचा कर आणखी वेगळा. टोपीचा खर्च तेवढा वजा होईल."

"विकून टाक ना," टबातली एक मुलगी पुटपुटली. बाकीच्यांनी तिला पाण्यात बुडवलं.

ट्रेसा तशीच ओल्या केसांनी एल्डनच्या दुकानात धडकली. "आणखी एक जाहिरात करते. पण या वेळी रोख!"

"अगं, तुझ्यामुळे गोदाम रिकामं झालंय माझं!" एल्डन म्हणाला. "बोल, किती?"

तिने मनातल्या आकड्याच्या दुप्पट सांगितला. तो हो म्हणाला. ती रस्त्यात किंचाळतच सुटली, मावशीला फोन लावत.

"मावशी, कर भरायला पैसे मिळाले!"

"वा! त्यांच्यावरही पुढच्या वर्षी कर लागेल हं."

दोघी इतक्या हसल्या की मावशीला उचक्या लागल्या.

एप्रिलमध्ये ट्रेसाने टबाचा सगळा कर चुकता केला. आयुष्यातला पहिला कर! उरलेल्या पैशांत तिने संघाला आणि मावशीला कोबी-खिमा भरलेले गरम पाव खायला नेलं.

"मावशी, हा खर्च व्यवसायात धरता येईल?"

"मुळीच नाही."

"मग अजून एकेक मागवू!" ट्रेसा ओरडली, आणि मुलींनी टेबलं बडवायला सुरुवात केली.