मी, सत्तावीस हजार सातशे वीस

मी एक जुनी संख्या आहे: सत्तावीस हजार सातशे वीस. मित्रांनो, मला पाहून 'अरे वा!' असं सहसा कोणी म्हणत नाही. शेवटी तीन-चार शून्यं असती, तर मान मिळाला असता. मी आपली एका शून्यावर संसार करते.

मला कोणी घडवलं नाही. पण पाच, सात, आठ, नऊ आणि अकरा यांचा गुणाकार करा, की मी दारात उभी! एकपासून बारापर्यंत कोणीही यावं, माझे सारखे वाटे करावेत, मागे काही उरत नाही. हे जमणारी माझ्याहून लहान संख्या शोधून सापडायची नाही. मला पूर्ण भाग जाणाऱ्या संख्या तब्बल शहाण्णव आहेत. एकट्या तेरासमोर मात्र माझी डाळ शिजत नाही; तेराने भागलं की चार उरतातच.

एवढं असूनही मी वर्षानुवर्षं अडगळीत पडून होते. मग एका विणकरणीने मला हाक मारली.

आजवर ती मागाच्या कारखान्यात इतरांसाठी रिळं भरायची. पहिल्यांदाच तिला स्वतःचं काम मिळालं होतं: वाचनालयाच्या गोल खोलीत, भिंतीला वेढून बसणारी चौदा मीटरची नक्षीची पट्टी. टोकं जोडल्यावर सांधा दिसता कामा नये. दिसला तर पुन्हा रिळं भरायची, असं कारखान्याच्या मास्तरांनी बजावलं होतं.

नक्षी पाच ओळींची. ठिपका दर पाच आडव्या धाग्यांनी पुन्हा येई, पान सातांनी, लाट आठांनी, पाखरू नवांनी आणि फूल अकरांनी.

"सेंटिमीटरला वीस धागे, म्हणजे सरळ अठ्ठावीस हजार," मास्तर म्हणाले. "ठिपका, पान, लाट, तिन्ही बसतात. बघितलंय मी."

"आणि पाखरू, मास्तर? एक धागा उरतो. फुलाचे तर पाच. अर्धं फूल घेऊन काय करू?"

तिने पुठ्ठ्यावर पाचही आकडे गुणले आणि मी अवतरले.

"अगं, दोनशे ऐंशी धागे कमी! चौदा सेंटिमीटर तोकडी पडेल पट्टी."

"फणीचा ठोका जरा हलका मारते. धागे किंचित विरळ बसतील, लांबी भरेल."

"बघ बाई. बिघडलं तर माझं नाव सांगू नकोस!"

तेवीस दिवस तिने मला धाग्याधाग्याने मोजलं. मित्रांनो, इतक्या मायेने मला कोणी कधी उच्चारलं नव्हतं. वाटेत पाचही नक्ष्या एकदाही एकत्र संपल्या नाहीत. शेवटच्या धाग्यावर मात्र सगळ्या एकदम पुऱ्या झाल्या. मला स्वतःचाच हेवा वाटला.

पट्टी भिंतीवर चढली. मास्तर तिच्यावरून बोटं फिरवत एक फेरी चालले. मग दुसरी. तिसऱ्या फेरीआधी त्यांनी चष्मा पुसला.

"सांधा कुठाय गं?"

"शोधा की!"

"राहू दे. उद्यापासून माग तुझा. रिळं दुसरं कोणीतरी भरेल."

मित्रांनो, सोयीसाठी आम्हाला वाढवू नका, छाटू नका. आधी जरा भागून बघा. कुणाचं तरी अर्धं फूल आमच्यापाशी येऊन पुरं होणार असतं.