एका सुईच्या बाया

शर्टांच्या त्या कारखान्यात दुपारची शिट्टी झाली की मशीनं थांबत आणि तोंडं सुरू होत. कॉलर शिवणाऱ्या ओळीतल्या बाया डबे घेऊन कापडाच्या गठ्ठ्यांवर बसत. कुणाच्या सासूचं गाऱ्हाणं, कुणाच्या नवऱ्याचं घोरणं, सगळं तिथे निघे. मधोमध काकी. बावीस वर्षं मशीनवर काढलेली, जिभेला हाड नसलेली, पण कुणाचं अडलं-नडलं तर सगळ्यांत आधी धावणारी. तिच्या शब्दाबाहेर ओळीत कुणी नव्हतं.

या ओळीची एक रीत होती. नवी बाई कायम झाली की शनिवारी जेवणाच्या सुट्टीत तिच्या मनगटावर निळा ठिपका गोंदायचा. सुई मशीनचीच, पेन्सिलीच्या तुकड्याला दोऱ्याने आवळलेली. ती काकीच्या खणात असे आणि टोचायचा मानही काकीचाच. आधी जुन्या सगळ्यांचे ठिपके त्या सुईने पुन्हा टोचायचे आणि मग सुई न पुसता नवीचं मनगट धरायचं. "आम्ही एका सुईच्या," असं त्या मोठ्या तोऱ्यात सांगत. एकदा एका मुलीने विचारलं होतं, सुई उकळून घेऊ का. "आम्ही काय घाणेरड्या आहोत?" म्हणून ओळ तिच्याशी महिनाभर बोलली नाही.

माया दाखवायला माणसं कुठली वाट धरतील याचा नेम नाही. पण सुईला माया कळत नाही, हे त्या भाबड्या बायांना कोण सांगणार होतं?

यंदा कायम झाली होती काकीचीच लेक. एकोणीस वर्षांची, आईसारखीच फटकळ. ती शनिवारकडे डोळे लावून बसली होती.

ओळीच्या टोकाची काजवाली, म्हणजे शर्टांना काजं करणारी, काकीची जुनी जोडीदारीण, महिनाभर दवाखान्यात होती. डोळे पिवळेजर्द, पोट फुगलेलं. ओळ म्हणे, पाणी बाधलं. शेजारीपाजारी म्हणत, चोरून पीत असणार. जिने कधी दारूच्या थेंबाला तोंड लावलं नाही, तिला शेवटच्या दिवसांत हेही ऐकावं लागलं. बुधवारी काकी तिला भेटायला गेली. डॉक्टरीणबाईंनी दोघींची मनगटं पाहिली.

"हे एकाच सुईने केलंय?"

"हो."

"आणखी किती जणींना?"

काकीने बाही खाली ओढली. "अकरा असतील."

"ही कावीळ पाण्यातून आलेली नाही, बाई. रक्तातून आलीय. याचे विषाणू यकृतात वर्षानुवर्षं राहतात आणि बाई वरून धडधाकट दिसते. सुईला लागलेलं रक्त डोळ्यांना दिसलं नाही तरी तेवढं पुरतं. तुम्ही आत्ताच रक्त देऊन जा आणि बाकीच्यांना धाडा."

शुक्रवारी सकाळी काजवाली गेली. दुपारी काकीच्या हातात कागद पडला. तिच्याही रक्तात तेच निघालं होतं. कुणाकडून कुणाला गेलं ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता येईना. पण टोचणारा हात कुणाचा, हे काकीला वेगळं सांगायची गरज नव्हती. तिने कागदाची घडी घालून ती डब्याच्या पिशवीत तळाला दडवली. बावीस वर्षांची इज्जत एका कागदापायी मातीला मिळणार होती. सुई मोडून टाकू, म्हणजे विषय संपला, असं तिने मनाशी ठरवलं.

शनिवारी लेकीने बाही वर केली. काकीने खणातून सुई काढली, पकडीने तिचे दोन तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले.

"आजपासून ही रीत बंद."

"का म्हणून?" शेजारच्या मशीनवरच्या चष्मेवालीने विचारलं.

"मी सांगते म्हणून."

"आमच्या लेकीसुनांना टोचलंस तेव्हा नाही बंद झाली. स्वतःची लेक पुढे आली तेव्हा बरी सुई बोचायला लागली."

शब्द काकीच्या ओठांवर आला होता, कागदही हाताशी होता. ती उठून मशीनवर जाऊन बसली.

"सगळ्यांत मलाच परकी केलंस, आई," लेक म्हणाली आणि संध्याकाळी एकटीच घरी गेली.

रविवारी संध्याकाळी लेक मैत्रिणीकडे म्हणून गेली. सोमवारी सकाळी मशीनमध्ये दोरा ओवताना तिची बाही सरकली. मनगटावर निळा ठिपका होता, भोवती लाल सूज.

"कुणी केलं?"

"चष्मेवाली मावशींनी, त्यांच्या घरी. घाबरू नको, सुई नवी होती. पाकिटातली, कोरी."

"आधी कुणाला टोचली?"

"सगळ्यांना. रीतच आहे ना. मी शेवटी."

काकी उठली आणि तिने भिंतीवरचं मोठं बटण दाबून अख्खी ओळ बंद केली. पिशवीच्या तळातून कागद काढून तिने त्याची घडी उलगडली.

"काजवालीचा रोग माझ्या रक्तात आहे," ती म्हणाली. "आपल्या एका सुईनेच पसरलाय. शुक्रवारपासून मला ठाऊक होतं. लाजेपायी गप्प बसले."

चष्मेवालीने काकीशेजारी ठेवलेला आपला डबा उचलून पलीकडे नेला. मग स्वतःची बाही वर करून ठिपका पाहिला.

"म्हणजे आम्हालापण?"

"असेल, नसेल. तपासल्याशिवाय कळायचं नाही. चला."

सात जणी उठल्या. चौघी मान खाली घालून बसून राहिल्या. चष्मेवाली सगळ्यांत शेवटी निघाली, पण निघाली.

दवाखान्यात सगळ्यांचं रक्त घेतलं. लेकीला लस टोचली, वर आणखी एक इंजेक्शन दिलं. नवी सुई तिच्यासमोर पाकिटातून काढली आणि वापरून लगेच डब्यात टाकली. लेक ते टक लावून बघत होती. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त बघू, तोवर खात्रीने काही सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाहेर बाकावर लेक म्हणाली, "शनिवारी खरं सांगितलं असतंस, तर मी गेले असते का गं?"

"नसतीस गेली."

त्यानंतर दर शनिवारी काकी जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या एकेका ओळीपुढे उभी राहते, बाही वर करते आणि तो कागद वाचून दाखवते. कुणी ऐकतं, कुणी नाक मुरडून उठून जातं. इस्त्रीवाल्यांच्या खणातही अशीच एक सुई निघाली. अशी सुई दिसली की काकी ती मागून घेते, मोडते आणि पुढच्या ओळीकडे वळते.

लेकीचे सहा महिने अजून पुरे व्हायचे आहेत.