दार तिनंच बसवलं

भिंगरीनं स्वयंपाकघराचं दार लाथेनं फोडलं, तेव्हा स्वयंपाकीण मावशी भाजी चिरत होत्या. बालगृहातल्या सव्वीस मुली त्यांना खोड्यांसकट पाठ होत्या. भिंगरी पंधरा वर्षांची, जिभेची तिखट. त्या रविवारी तिची आई भेटायला यायची होती. पोरगी सकाळपासून केस विंचरून फाटकाशी बसली. चार वाजता निरोप आला, आई येत नाही. मग बिजागरी उखडली आणि फळी उभी चिरली.

अधीक्षक बाई धावत आल्या. "नियम म्हणजे नियम. पोलिसांना कळवते."

मावशींनी विळी बाजूला सारली. एका फुटलेल्या आरशापायी आणि एका ढकलाढकलीपायी भिंगरीच्या नावावर पोलिसांत आधीच दोन नोंदी होत्या. तिसरी झाली की रवानगी थेट सुधारगृहात.

"बाई, तुमच्या लेकीनं घरचं दार मोडलं तर?"

"कान उपटीन."

"पोलीस?"

"छे, घरातल्या गोष्टीला..." बाई अडखळल्या.

"मग हे कुणाचं घर आहे?"

बाईंनी फोन खाली ठेवला, पण पोरगी पुन्हा मोडतोड करणार नाही, अशी लेखी हमी मागितली. बारा वर्षांत वरिष्ठांपुढे ब्र न काढलेल्या मावशींनी सही ठोकली.

भिंगरी कोठीत, पोत्यांवर तोंड फिरवून बसली होती. "बोलवा पोलीस. मी नाही घाबरत."

"पोलीस नाही, उद्या सुतार येतोय. त्याच्या हाताखाली दार तू बसवायचंस. आणि आईवरचा राग मला सांगायचा, दाराला नाही."

पोरगी ओक्साबोक्शी रडली.

सुतारकाका महातिरसट. "रंधा मारतेस की पाठ खाजवतेस?" भिंगरीही कमी नव्हती. "तुमची खाजवू का?" काका प्रथमच हसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हात आहे हिला." पोटच्या पोरालाही त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं. तेव्हापासून दर शनिवारी ती त्यांच्या कारखान्यात जाऊ लागली. आई पुढेही दोनदा आली नाही. भिंगरी दोन्ही वेळा मावशींपाशी येऊन फणफणली, रडली, जेवली. तिसरी नोंद काही झाली नाही.

वर्षाअखेरीस तपासणीला साहेब आले. त्यांनी दार दोनदा उघडून मिटून पाहिलं. "झकास बसलंय. कुठला सुतार?"

भिंगरी खाली बघू लागली. मावशींनी तिला खांद्याला धरून पुढे केलं.

"ही काय," त्या म्हणाल्या, "आमच्या घरातलीच आहे."