वरचा एक डॉलर

त्या देशाचं नाव मी सांगणार नाही, करारात तशी अट आहे. कर्ज फेडता फेडता बुडालेला देश. जुन्या चलनाची पार रद्दी झाली, म्हणून सरकारने नवं आणायचं ठरवलं. जुने हजार म्हणजे नवा एक. शनिवार-रविवारात तिथल्या बँकखात्यांमधले आकडे बदलायचं काम अमेरिकेत अ‍ॅशबर्नला असलेल्या आमच्या कंपनीकडे होतं आणि तो प्रोग्राम मी लिहिला होता.

शुक्रवारी चाचणी घेतली आणि माझं डोकंच फिरलं. काहींच्या खात्यात इतकं थोडं उरलं होतं की नव्या चलनातलं सगळ्यात लहान नाणंही भरत नव्हतं. नियमाप्रमाणे ती रक्कम सरळ शून्य होत होती. अशी खाती लाखांनी होती.

"मी हे अप्रूव्ह करणार नाही," मी संजयला सांगितलं. संजय माझा मॅनेजर, नागपूरचा.

"गिरिजा, यार, तेवढ्यात तिथे काडेपेटीही येत नाही."

"मग द्यायला एवढं जड का जातंय? प्रत्येकाला एकेक लहान नाणं द्या."

"तो क्लायंटचा डिसिजन आहे. आणि तुझं व्हिसा एक्स्टेन्शन माझ्याच टेबलवर आहे, विसरू नकोस."

नोकरी गेली की दोन महिन्यांत गाशा गुंडाळावा लागतो, हे इथे कोण विसरतं? पण धमकी ऐकली की मला चेव येतो.

"गेल्या रविवारी तुझ्या वास्तुशांतीला आपल्या टीममधल्या अंकुरने नुसते पन्नास डॉलर दिले, तर त्याच्या बायकोने, सुवर्णाने त्याला सगळ्यांदेखत टोकलं. वर एक हवाच, पाकीट शून्यावर संपवायचं नसतं म्हणे! आणि इथे जिवंत माणसं शून्यावर आणायला निघालास?"

"ते वेगळं आहे."

"काय वेगळं आहे, सांग ना."

तेवढ्यात क्लायंटचा कॉल सुरू झाला. तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या बाईंनी उशिराचं कारण विचारलं. "मायनर टेक्निकल इश्यू," संजय म्हणाला.

मी माझा माइक चालू केला. म्हटलं, टेक्निकल काही नाही. सोमवारी तुमच्या गरिबांना आपली खाती रिकामी दिसतील. ते तुम्हाला चालणार असेल तर तसं स्पष्ट बोला, रेकॉर्डिंग सुरू आहे.

बाईंनी आपला माइक बंद करून कुणाला तरी विचारलं. मग म्हणाल्या, "एकेक नाणं द्या."

पुढच्या बुधवारी मला काढलं. मी टीममध्ये बसत नाही, असं कारण दिलं. सामान घेऊन निघाले तर संजय दारात उभा. त्याने मान खाली घालूनच माझ्या हातात एक पाकीट ठेवलं.

पाकीट देणाऱ्यासमोर उघडू नये, असं म्हणतात. मी तिथेच उघडलं. आत शंभराची नोट होती आणि तिच्यामागे एक डॉलर.

"म्हणजे कळत होतं तुला," मी म्हटलं आणि बाहेर पडले.