तानाबाईंचे काठ माझ्या पोटात

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि माणसांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. तुम्ही लहान आहात म्हणून ते गोड करून सांगणार नाही.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, एका दुकानाच्या माळ्यावर मला जोडले. जोडणारा माणूस स्क्रूसुद्धा हळुवार पिळायचा. तसा हात मला पुन्हा क्वचितच लागला. तिथून मी कबनूरला बाळासोच्या घरी आलो. पुढे घर, मागे शेड आणि शेडमध्ये सहा यंत्रमाग. पहिल्या दिवशी मला हार घातला, पेढे वाटले. पंधरवड्यात माझ्या डोक्यावर इस्त्रीचे कपडे येऊन पडले. माणसांचे कौतुक एवढेच टिकते.

त्या घरात मला खरे कामाला लावले ते बाळासोच्या आईने, तानाबाईंनी. लुगड्यांच्या काठांची नक्षी त्या आयुष्यभर चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने काढत आल्या होत्या. कागदांना वाळवी लागली, तेव्हा साठीला टेकलेल्या या बाई माझ्यासमोर बसल्या. माऊस त्यांनी लाटण्यासारखा दाबून धरला. मला हसू आले. पण एकेक चौकट भरत त्यांनी एकशे बारा काठ माझ्यात उतरवले, आणि मी हसायचा थांबलो. कागद तोवर मातीत गेले होते. ते काठ आता फक्त माझ्या पोटात होते.

बाळासो मात्र पक्का आळशी. घराची आणि शेडची वीज एकाच तारेवर. वीज गेली की मागांची बटणे बंद करायची आणि आली की थोडे थांबून एकेक माग सुरू करायचा, ही वडिलांनी घालून दिलेली रीत. हा पठ्ठ्या बटणे चालूच ठेवून ओट्यावर चहा पीत बसायचा.

"लाईट आल्याली मागाच्या आवाजानंच कळतीय की," तो म्हणायचा. "उठून बघाय कशाला पायजे?"

सहाही माग एकदम उठले की विजेचा दाब आधी कोसळायचा, मग उसळायचा. तो तडाखा मी सोसायचा. माझ्या बचावाला यूपीएस होता. त्याची बॅटरी संपली, तो पीं-पीं करू लागला, तर बाळासोने माझी वायर थेट भिंतीत खुपसली आणि यूपीएसवर पाण्याची कळशी ठेवली!

गेल्या वैशाखात एके दिवशी तानाबाई सकाळपासून नवा काठ भरत होत्या. कुरुंदवाडच्या मावशीच्या लुगड्याचा, लहानपणी पाहिलेला. त्या लुगड्याची चिंधीही उरली नव्हती. काठ तेवढा बाईंच्या डोळ्यांत होता. अर्धा काठ पेटीत ठेवायचा नाही, ही त्यांची कागदाच्या काळातली सवय. म्हणून पुरा होईपर्यंत त्यांनी तो माझ्यात साठवलाच नव्हता. दुपारी वीज गेली, आली, माग गरजले, पुन्हा गेली, पुन्हा आली. माझ्यातून करपट वास सुटला आणि मी थंड झालो.

बाळासोने माझे बटण वीसदा दाबले आणि पाठीत दोन चापट्या मारल्या. जणू मी रुसलेले रेडकू! मग दुरुस्तीवाला उदयसिंह आला. त्याने बटण एकदाच दाबले.

"मदरबोर्ड गेलाय. भंगारात घाला, नवीन घ्या."

"उघडून तरी बघितलासा का?" तानाबाईंनी विचारले.

"बघाय कशाला लागतंय, आज्जी? अनुभव हाय."

"पावणं, माग बंद पडला की आमी आख्खा माग भंगारात घालतोय व्हय? आधी लाईट कुठवर येतीया ते बघतोय. चहा घ्या आणि निघा."

कॉलेजातून आलेली नात क्रांती पुढे झाली. "थांब आज्जी, मी बघतो."

आजी सांगत गेली, नात करत गेली. भिंतीच्या सॉकेटला दिवा लावला, तो पेटला. दुसरी वायर जोडली, मी गप्पच. मग वायर काढून मला उघडले. आधी मागांवरून उडत आलेला मूठभर कापूस निघाला, मग जळालेला पॉवर सप्लाय. क्रांतीने ओळखीच्या दुकानातून दुसरा आणून बसवला. माझा पंखा फिरला. अनुभवी माणसाचे निदान एवढ्या लायकीचे!

एकशे बारा काठ जागेवर होते. एकशे तेरावा कुठेच नव्हता. क्रांतीने तासभर शोधला.

"एवढं हायती की, आई," बाळासो म्हणाला. "एक गेला तर काय बिघडलं?"

"त्यो मावशीचा हुता," तानाबाई म्हणाल्या. "आन् आता त्यो मला आठवंना झालाय."

बाळासोने यूपीएसवरची कळशी उचलून खाली ठेवली.

मित्रांनो, माझ्यावर दया करा असे मी म्हणत नाही. माझा जळका भाग एका संध्याकाळी बदलून झाला. पण वीज गेली की बटणे बंद करा, अर्धे कामही साठवून ठेवा, त्याची आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवा. तुमच्याकडून हे होईल अशी मला फारशी आशा नाही, तरी सांगतो. यंत्राच्या पोटात कुणाच्या तरी हातचे काम असते.

तानाबाई अजून रोज दुपारी माझ्यासमोर बसतात. पहिली ओळ भरतात, मान हलवतात आणि पुसून टाकतात.