चतुराबाईंचं कपाट

“यात कायच होत नै, आजी,” शेजारच्या दहा वर्षांच्या रसिकाने पुस्तक टेबलावर परत ठेवलं. “पोरगा पैल्या पानावर पन शाना, शेवटच्या पानावर पन शानाच. मंग कायकू वाचायचं?”

चतुराबाईंना रागच आला. कोठी बाजाराजवळच्या मराठी मंडळात मुलांच्या पुस्तकांचं एकुलतं एक कपाट त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं होतं. पगार नव्हता, पण पुस्तकं निवडायचा मान त्यांचाच. सुविचार, संस्कार, आरोग्याचे नियम, असं सगळं वेचून आणलेलं. मुलं फिरकत नाहीत याचं खापर फोडायला घरोघरी आलेली परदेशी चॅनेल्स आयतीच सापडली होती.

त्यात मंडळाचे चिटणीस अरविंदराव बजावून गेले होते, “काकू, संक्रांतीपर्यंत बघतो. पुस्तकं अशीच पडून राहिली तर कपाट काढून तिथे कम्प्युटर बसवणार.” तेव्हापासून चतुराबाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता. नवरा गेल्यावर त्या घराबाहेर पडल्या त्या या कपाटापायीच.

रसिकाने परत केलेलं पुस्तक त्यांनी दुपारी स्वतः वाचायला घेतलं. तिसऱ्या पानावर त्यांना छान झोप लागली. उठल्या त्या खजील होऊनच. रविवारी रसिकाचा हात धरून त्या आबिड्सच्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात गेल्या.

“अम्मा, मराठी का माल उधर कोने में है,” पुस्तकवाला म्हणाला.

रसिकाची शाळा इंग्रजी. अक्षरांखाली बोट फिरवत ती अडखळत वाचायची, कंटाळली की पुस्तक खाली टाकायची. एका पुस्तकात चोर विहिरीत पडला आणि तिने आपणहून पान उलटलं.

“चोराची गोष्ट?” चतुराबाई दचकल्या.

“थांबा ना आजी! त्याला वर कोन काढतं, बघू द्या.”

चतुराबाईंनी जीभ चावली आणि पुस्तक विकत घेतलं. पुढचे कितीतरी रविवार पसंती रसिकाची आणि पिशवी चतुराबाईंची, असं चाललं. हळूहळू मुलं येऊ लागली, भांडू लागली, पुस्तकं पळवू लागली. या तोंडाळ पोरीने आपले डोळे उघडले, हिचे उपकार कसे फेडावेत, असं चतुराबाईंना मनापासून वाटे.

संक्रांतीला अरविंदराव आले. कपाटात एकही पुस्तक नव्हतं; सगळी पोरांच्या घरी गेली होती.

“हरलो, काकू. कपाट तुमचंच.”

चतुराबाईंनी रिकाम्या फळ्यांवरून हात फिरवला. हेच जाईल म्हणून आपण इतक्या झुरलो! “न्या बाबा,” त्या म्हणाल्या. “पोरांना तुमचा कम्प्युटरबी लागंल. अन् पुस्तकं आता यात ऱ्हातात कुठं?”

दुसऱ्या दिवशी मुलं पुस्तकं बदलायला आली, तर कपाटाच्या जागी नुसती भिंत.

“आजी, कुठं ठिवू?” एकाने विचारलं.

“आन इकडं.”

त्याने पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्या पदराने त्यावरची धूळ पुसणार, तोच दुसऱ्याने ते उचललं, आणि चतुराबाईंची मांडी पुन्हा रिकामी झाली.